कोपीची मोहर

त्या सकाळी स्वप्नालीनं घरची गाडी घेतली नाही. अण्णांचा ड्रायव्हर संध्याकाळी त्यांच्यापुढं उभा राहून दिवसभराची हकीकत सांगायचा, आणि आज आपण कुठं निघालोय हे तिला अण्णांच्या कानावर जाऊ द्यायचं नव्हतं. अण्णा म्हणजे तिचे वडील, विजयसिंह. केज तालुक्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं. उजाडल्यापासून त्यांच्या ओसरीबाहेर कामं घेऊन आलेल्यांच्या चपलांचा ढीग पडायचा. त्या चपलांतून वाट काढत ती बाहेर पडली, आज शिकवायला येत नाही म्हणून कॉलेजला फोन केला आणि तहसीलसमोर जीपमध्ये जाऊन बसली.

तिला रामेश्वरच्या गावी जायचं होतं. रामेश्वर तिथं भेटेल असं तिला वाटत नव्हतं, तरी जीप गावाच्या फाट्याकडं वळली तेव्हा ती रस्त्यावरचा प्रत्येक चेहरा बघायला लागली.

अंबाजोगाईला कॉलेजात दोघं एका वर्गात होते. रामेश्वर मागच्या बाकावरचा, कमी बोलणारा. त्याचे आईवडील, धर्मराज आणि रुक्मिणीबाई, ऊसतोडीला जायचे. प्रॅक्टिकलला दोघांच्या वाट्याला एकच कॉम्प्युटर आला, तेव्हा तिनं सहज विचारलं होतं, "तुमच्या शाळेत कॉम्प्युटर होता का रे?"

"व्हता की. दिवाळीपस्तोर माझा, मंग न्हाई."

दिवाळी झाली की धर्मराज आणि रुक्मिणीबाई ट्रकमध्ये संसार टाकून निघायचे, कधी सांगलीकडं, कधी कर्नाटकात, आणि पोरगा त्यांच्याबरोबर. तिकडच्या शाळेत बसू दिलं तर तो बसायचा. पण तिकडच्या कॉम्प्युटरवर त्याचं काहीच नसायचं. त्यानं काढलेलं चित्र, लिहिलेलं पान, सगळं गावाकडं राहिलेलं. उन्हाळ्यात परत यावं तर कुणीतरी ते पुसून टाकलेलं असायचं.

म्हणून कॉलेजात असतानाच त्यानं स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम बांधायला घेतली. पेनड्राइव्हवर मावेल अशी. कुठल्याही गावच्या, कितीही जुन्या कॉम्प्युटरला ती लावायची, की आपलं सगळं आपल्यापुढं हजर. गाभा लिनक्सचा, तो कुणालाही फुकट वापरता येतो. बाकी लोक कुठल्यातरी मोठ्या, तयार सिस्टीमवर आपला मजला चढवायचे. रामेश्वरनं पाया स्वतः खणला. तयार सिस्टीम जड होत्या आणि त्याला टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर चालणारी हवी होती. तिचं नाव त्यानं कोपी ठेवलं. ऊसतोडीची माणसं कारखान्याच्या माळावर चार वासे रोवतात, वर उसाचं पाचट अन् ताडपत्री टाकतात आणि सहा महिने राहतात, त्या खोपटाला कोपी म्हणतात.

स्वप्नाली त्यात आधी मदत म्हणून आली आणि मग त्यातलीच झाली. कोपी मराठीत बोलायला पाहिजे असं रामेश्वरचं म्हणणं होतं. सरकारी मराठी मात्र नको. मग सुट्टीत तो कारखान्यावर आईबापाकडं गेला, की फोन स्पीकरवर ठेवायचा आणि केजहून स्वप्नाली विचारायची, "काका, एखादी गोष्ट यायला वेळ लागतोय. समोरच्याला तुम्ही काय सांगाल?"

पलीकडून रामेश्वरच्या आबांचा, धर्मराजचा, खरखरीत आवाज यायचा. "काय सांगनार? दम धर म्हनायचं."

"आणि माणूस ओळखू आला नाही तर?"

"वळख पटली न्हाई."

असे धर्मराजनं कितीतरी शब्द दिले. नको ते टाकायची जागा म्हणजे उकिरडा. कॉम्प्युटर बंद करायचा म्हणजे निजव. काही बिघडलं तर घोळ झाला. स्वप्नालीनं धर्मराजला कधी पाहिलं नाही, पण तो आवाज तिच्या ओळखीचा झाला होता.

कॉलेज संपलं. ती केजच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला लागली. रामेश्वर पुण्यात एका कंपनीत लागला. भेटी थांबल्या, पण कोपी वाढत गेली. आसपासच्या काही शाळांत ती गेली, केरळातल्या एका वाचनालयात गेली. चिलीतला एक म्हातारा इंजिनिअर चुका शोधून कळवायला लागला. सिस्टीममध्ये काहीही बदल केला, की काय केलं त्याची एक ओळ खाली लिहायची असते. रामेश्वर ती ओळ लिहायचा आणि शेवटी हळूच काहीतरी जोडायचा. 'छपाईचा घोळ काढला. आज पुण्यात लई गार हाय.' स्वप्नाली उत्तरादाखल आपल्या बदलाखाली लिहायची, 'फाँट दुरुस्त. केजला धुकं.' या ओळी जगात कुणालाही वाचता येत होत्या, आणि तरी त्या दोघांच्याच होत्या. घरी स्थळं येत होती. तिनं एकेक परतवलं. कारण कुणाला सांगितलं नाही, त्यालाही नाही.

मग एका हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि धर्मराज गेला. त्यानंतर रामेश्वरची एकच ओळ आली, 'आता तू बघ.' त्याचा फोन लागेना. पुण्यातली नोकरी त्यानं सोडली एवढंच कळलं. तेव्हापासून कोपी ती एकटी चालवत होती. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी ती लॅपटॉप उघडून बघायची, रामेश्वरच्या नावानं काही आलंय का. चिलीहून यायचं, केरळातून यायचं.

आता अडचण उभी राहिली होती ती मोहरेची. कोपीतल्या प्रत्येक नव्या गोष्टीवर एक डिजिटल सही, तीच मोहर, लागायची. ती पाहिल्याशिवाय एकही कॉम्प्युटर काही आत घ्यायचा नाही, म्हणजे कुणा भामट्याला मधेच काही घुसवता येऊ नये. ही मोहर रामेश्वरची होती. जाताना त्यानं सही करायची सोय तिला दिली होती, पण मोहरेची मुदत वाढवायची किंवा तिच्या जागी दुसरी नेमायची, तर मूळ किल्ली लागणार होती. ती त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती, आणि मुदत फेब्रुवारीअखेर संपत होती. मग कोपी असलेला प्रत्येक कॉम्प्युटर तिनं पाठवलेलं सगळं नाकारणार होता.

तिला जायलाच हवं होतं. जायला कारण मिळालं याचा तिला आनंदही झाला होता, आणि त्या आनंदाची तिला थोडी लाज वाटत होती.

रुक्मिणीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बारीक, काटक बाई. स्वप्नालीनं नाव सांगितलं तशी त्यांनी मान वर केली.

"फोनवरली का तू? रामाच्या बापाला काईबाई इचारनारी?"

"हो मावशी. मीच."

"बस की मंग. उभी कावून?"

त्या आता तोडीला जात नव्हत्या. ऊस तोडायला जोडी लागते, एकट्या बाईला कोण घेणार? रामेश्वर मात्र जात होता. हातानं तोडायला नव्हे, ऊस तोडायचं मोठं मशीन चालवायला. दसऱ्याला गेला तो परत आला नव्हता. "दुसऱ्याच्या फोनवरनं फोन करतो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "जेवलो म्हनतो. बरा हाय म्हनतो. ठिवून देतो."

स्वप्नालीनं लॅपटॉपचं विचारलं. त्या आत गेल्या, पेटी उघडली आणि लुगड्यात गुंडाळलेला लॅपटॉप आणून मांडीवर घेऊन बसल्या. दिला मात्र नाही.

"त्याला इचारल्याबगर न्हाई द्यायची मी."

"त्यालाच विचारायचंय, मावशी. पण तो कुठं आहे?"

गावातला बद्रीनाथ त्याच मशीनच्या मागं ट्रॅक्टर चालवायचा. रुक्मिणीबाईंनी त्याला फोन लावला, दोन शब्द बोलल्या आणि ठेवला. "माजलगावला हायेत. धरनाच्या खालच्या अंगाला." थोडा वेळ त्या शेंगांच्या टोपलीकडं बघत बसल्या. मग उठल्या, पदर खोचला. "चल. मलाबी बघायचाय त्यो."

केजहून एसटी मिळाली. धारूरचा घाट उतरताना रुक्मिणीबाईंनी लॅपटॉप लेकरासारखा छातीशी धरला होता. घाट संपल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "तुजं लगीन झालं न्हाई अजून?"

"नाही."

"बापानं बगितली न्हाईत स्थळं?"

"बघितली की."

रुक्मिणीबाईंनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. पुढं काही विचारलं नाही. तेलगाव गेल्यावर पिशवीतून भाकरी काढली, अर्धी तिच्या हातावर ठेवली.

माजलगावला उतरून त्यांनी रिक्षा केली. दोन्ही बाजूंनी कालव्याच्या पाण्यावरचा ऊस होता, आणि मशीन दिसायच्या आधी त्याचा आवाज आला. पिवळं, घराएवढं धूड उभा ऊस खात पुढं सरकत होतं, तुकडे शेजारच्या ट्रॉलीत ओकत होतं, पाचटाचा धुरळा उडवत होतं. वर काचेच्या केबिनमध्ये रामेश्वर बसला होता. तोंडाला उपरणं बांधलेलं, तरी स्वप्नालीनं त्याला खांद्यांवरून ओळखलं.

त्यानं आधी आईला पाहिलं. मशीन थांबलं. मग त्याची नजर स्वप्नालीवर आली आणि तो केबिनच्या पायरीवर तसाच उभा राहिला.

खाली येऊन तो आईच्या पाया पडला. "काय झालं? बरी हायस न्हवं?"

"मला काय धाड भरलीय? हिचं काम हाय तुज्याकडं." आणि मग लगेच, "वाळलास किती रे."

स्वप्नालीनं मोहरेचं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. लॅपटॉपकडं बघत नव्हता. मुदत संपली तर काय होईल हे त्याला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. "चल," तो शेवटी म्हणाला, "शेतातली लाईट दिवसाची हाय ह्या आठवड्यात."

कालव्याकाठी शेतमालकाची पाण्याच्या मोटारीची खोली होती. तिथं त्यानं लॅपटॉप लावला. बऱ्याच काळानं चालू होताना तो कुरकुरला. मग काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

रुक्मिणीबाईंना वाचता येत नव्हतं. "काय म्हनतंय त्ये?"

रामेश्वर चार्जरची वायर सारखी करत बसला. स्वप्नालीनं वाचलं, "दम धर."

रुक्मिणीबाईंचा हात तोंडाकडं गेला. "ह्यो तर त्यांचा सबूद हाय," त्या म्हणाल्या. "मी चुलीम्होरनं हाक मारली की असंच म्हनायचे. दम धर, रुक्मिने." त्या पडद्याजवळ सरकल्या आणि त्या अक्षरांवरून, जणू ती पुसली जातील अशा बेतानं, बोट फिरवलं. "ह्याच्यात हायेत व्हय ते? मला कुनी सांगितलं न्हाई."

रामेश्वरनं पासवर्ड टाकला. चुकला. 'वळख पटली न्हाई', पडद्यावर आलं, आणि स्वप्नालीनं तेही वाचून दाखवलं, कारण रुक्मिणीबाई तिच्याकडंच बघत होत्या. त्यानं डोळे मिटले, बोटांना आठवू दिलं आणि पुन्हा टाकला. या वेळी आत सोडलं. स्वप्नालीनं आपल्या पेनड्राइव्हवर नवी मोहर बनवून आणली होती, तिच्या नावाची. जुन्या मोहरेनं तिला मान्यता दिली की काम संपलं. त्यानं दोन ओळी लिहिल्या, एक कळ दाबली. झालं. एवढ्यासाठी ती आली होती. आता कोपीला रामेश्वरची गरज उरली नव्हती, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं करून घेतलं होतं.

रुक्मिणीबाई तिथंच लॅपटॉपपुढं बसून राहिल्या. रामेश्वर बाहेर कालव्यावर हात धुवायला गेला. स्वप्नाली त्याच्या मागं गेली.

"तू परत येशील ह्यात?"

"न्हाई."

"कावून?" त्याच्याशी बोलताना तिच्या तोंडी त्याचे शब्द यायचे.

"उघडलं की आबा बोलतेत. आत्ता बगितलंस की." तो पाण्याकडं बघत म्हणाला. "कुठंबी गेलं तरी आपलं समदं जिथल्या तिथं घावावं म्हनून बांधली ना आपन? समदं घावतं. आबा तेवढे न्हाईत. पुन्यात त्या खोलीवर मी रोज उघडायचो अन् रोज तेच. न्हाई सोसलं."

"आणि मशीनवर सोसतं?"

"त्या आवाजात काई ऐकू येत न्हाई."

ती त्याच्या शेजारी बांधावर बसली. "मी ते शब्द बदलू का?"

तो दचकला. "नको. बदलू नको. मी बगत न्हाई म्हनून काय झालं? असू दे ते."

पलीकडं बद्रीनाथ ट्रॅक्टरवरून वाकून बघत होता. मशीन उभं राहिलं म्हणजे मागच्या सगळ्यांचा खोळंबा. वेळ नव्हता.

"मी रोज सकाळी बघते," स्वप्नाली म्हणाली. "तुझी ओळ आलीय का. इतके दिवस झाले, रोज बघते."

"मला म्हाईत हाय."

"कसं माहीत?"

"तुज्या ओळी मी वाचतो. बद्रीनाथच्या मोबाईलवर. कुनालाबी दिसत्यात की त्या." तो पहिल्यांदा तिच्याकडं बघून बोलला. "परवाची पन वाचली. 'ध्वनीचा घोळ काढला, आपल्या कॉलेजातली चिंच तोडली.' कावून तोडली ती?"

तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरले. "रस्ता रुंद करायचाय म्हणे. वाचत होतास तर उत्तर का नाही दिलंस?"

"काय देऊ? तुमच्या दारातल्या चपला मी बगितल्यात, स्वप्नाली. एकदा त्यात आमच्या आबांच्याबी व्हत्या. दुपारपस्तोर उभे व्हते."

कालव्याचं पाणी वाहत होतं, त्यातून उसाचं एक पान फिरत फिरत गेलं.

"ते मला पुसता येणार नाही," ती म्हणाली. "पण मी सांगून टाकते. कोपीचं काम आज झालं. कोपीसाठी तू यायची गरज नाही. मला तू यायला पाहिजेस. माझ्यासाठी."

ओल्या हातांनी त्यानं उपरणं सोडलं, पुन्हा बांधलं. "हंगाम संपू दे," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मालक मशीन गुजरातला न्यायचं म्हनतोय."

बद्रीनाथनं हॉर्न वाजवला. रामेश्वर उठला. आईला म्हणाला, "लॅपटॉप ने संगं. पेटीत ठिव." जाताना स्वप्नालीच्या दंडावर चिकटलेलं पाचट बोटांनी काढलं आणि हातात घेऊनच मशीनकडं गेला. ते शिडी चढताना त्यानं टाकलं की नाही, हे बघायला ती मान उंच करून उभी होती, पण धुरळ्यात दिसलं नाही.

परतीच्या एसटीत रुक्मिणीबाईंनी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला. "समदे सबूद वाचून दाव."

मोटारीच्या खोलीत लॅपटॉप थोडा चार्ज झाला होता. स्वप्नालीनं एकेक करून वाचले. उकिरडा. घोळ झाला. जपून ठिव. मागं फिर. निजव. प्रत्येक शब्दाला रुक्मिणीबाई मान डोलवायच्या, कधी म्हणायच्या, "ह्यो माजा हाय, त्यांनी माज्याकडनं उचलला." पुढच्या बाकावरची एक बाई मागं वळून ऐकायला लागली. कंडक्टर तिकीट विचारायला आला आणि तिथंच रेंगाळला. घाट चढून होईपर्यंत बॅटरी संपली. पडदा काळा झाला, तेव्हा रुक्मिणीबाईंनी लॅपटॉप मिटला, लुगड्यात गुंडाळला आणि स्वप्नालीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या.

फेब्रुवारीत कोपीची नवी आवृत्ती स्वप्नालीच्या मोहरेनं निघाली. शाळांतल्या, वाचनालयांतल्या कॉम्प्युटरनी ती कुरकुर न करता घेतली. चिलीच्या इंजिनिअरनं अभिनंदन करून विचारलं की रामेश्वर कुठं आहे. तिनं लिहिलं, शेतावर आहे.

अण्णांनी त्याच महिन्यात बार्शीकडचं एक स्थळ काढलं. या वेळी तिनं नकाराचं कारण सांगितलं, नावासकट. अण्णा बरेच दिवस तिच्याबरोबर जेवायला बसले नाहीत. ती वेगळी बसून जेवली.

रुक्मिणीबाई आता तिला रविवारी फोन करायच्या. तुरीचं, गावातल्या पाण्याचं, गुडघ्याचं सांगायच्या. चैत्रात एका रविवारी त्या म्हणाल्या, "रामाचा फोन आलता. ह्या वक्ताला लई बोलला."

स्वप्नाली खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. "कुठं आहे?"

"गुजरातला. तिकडंबी ऊसच म्हनं. इचारत व्हता, चालतंय का नीट? मी म्हनलं, काय? तर गप. मंग मी म्हनलं, तुला इचारायचं आसंल तर तूच इचार की तिला, मला मधी कावून घालतो? तर हसला."

बाहेर अण्णांकडं आलेली माणसं मोठ्यानं बोलत होती. स्वप्नालीनं खिडकी लावून घेतली.

"कसा हसला, मावशी?"